डबाबंद अन्न: वापर, साठवण आणि सुरक्षितता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डबाबंद अन्नाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘त्यात नुसती रसायनं असतात, हात लावू नये’, आणि दुसरं ‘डबाच तर आहे, कितीही वर्षं ठेवा, काही होत नाही’. दोन्ही चुकीची आहेत. डब्यातलं अन्न टिकतं ते उष्णतेमुळे आणि हवाबंद कडेमुळे. कड शाबूत आहे तोवर बाहेरचे जंतू आत जात नाहीत. डबा उघडला की ते अन्न नुकत्याच शिजवलेल्या कुठल्याही पदार्थाइतकंच नाशवंत होतं. एवढं धरून ठेवलं तर पुढची बरीचशी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

डब्यातलं अन्न इतकं टिकतं कसं? त्यात काय घातलेलं असतं?

बहुतेक डब्यांत टिकवण्यासाठी म्हणून वेगळं काहीच घातलेलं नसतं. अन्न डब्यात भरतात, झाकण यंत्रानं हवाबंद बसवतात आणि मग तो अख्खा डबा दाबाखालच्या वाफेत तापवतात. म्हणजे खरं शिजवणं डबा बंद झाल्यावर होतं. आतले जंतू मरतात, नवे आत शिरू शकत नाहीत, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हची गरजच उरत नाही. मीठ आणि साखर असते ती मुख्यतः चवीसाठी. काही अपवाद आहेत. डबाबंद मांसात बऱ्याचदा नायट्राइट असतं, टोमॅटोच्या फोडी लगदा होऊ नयेत म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात, काही कडधान्यांत रंग टिकवायला ईडीटीए असतं. हे सगळं लेबलवर छापलेलं असतं, तेव्हा शंका आली तर डबा फिरवून वाचा.

किती तापवायचं हे जीवघेणं विष तयार करणाऱ्या एका जंतूवरून ठरतं: क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हा मातीत सर्रास सापडतो, त्याला हवा नको असते आणि त्याचे बीजाणू (जंतूची कठीण कवचातली सुप्त रूपं) उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरू शकतात. हवाबंद डबा म्हणजे त्याच्यासाठी आयतं घर. म्हणून डब्याच्या अगदी मध्यभागी १२१ अंश सेल्सिअस तापमान साधारण ३ मिनिटं मिळेल असा हिशेब कारखान्यात धरला जातो. मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात डबा त्याहून खूप जास्त वेळ वाफेत असतो. पातळ सूपपेक्षा घट्ट पदार्थाला आणखी जास्त वेळ लागतो.

आंबट पदार्थांचं गणित वेगळं आहे. पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ पेक्षा कमी असेल तर हा जंतू वाढत नाही. म्हणून अननस, पीच, टोमॅटो यांना उकळत्या पाण्याच्या आसपासची उष्णता पुरते. मका, मटार, कडधान्यं, मासे आणि मांस यांना मात्र दाबाखालची वाफच लागते.

ही पद्धत किती जुनी आहे?

दोनशे वर्षांहून जुनी. फ्रान्समध्ये मिठाई बनवणाऱ्या निकोला अपेर यांनी काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यात ठेवायची पद्धत काढली. १८१० मध्ये त्यांना फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यांचं पेटंट घेतलं आणि १८१३ पर्यंत ब्रायन डॉन्किन यांचा लंडनमधला कारखाना डबे पुरवू लागला. अन्न जंतूंमुळे नासतं हे लुई पाश्चर यांनी दाखवलं ते यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी. अन्न कसं टिकवायचं हे आधी हाती लागलं, ते का टिकतं हे मागाहून कळलं. किती तापमान किती वेळ द्यायचं याचा शास्त्रशुद्ध अभ्यास आणखी पुढचा. १८९५ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सॅम्युअल प्रेस्कॉट आणि विल्यम अंडरवूड यांनी तो सुरू केला.

तारीख उलटून गेलेला डबा फेकून द्यायचा का?

आधी तारखेच्या शेजारी काय लिहिलंय ते बघा. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि दर्जाची तारीख आहे. त्यानंतर मटार थोडे मऊ, फळांचा रंग थोडा फिका, टोमॅटोला धातूची पुसट चव, असं होऊ शकतं. त्या दिवशी अन्न एकदम विषारी होत नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर मात्र ती पाळा.

साधारण अंदाज असा: टोमॅटो, अननस यांसारखे आंबट पदार्थ १२ ते १८ महिने उत्तम राहतात. कडधान्यं, मका, मासे, मांस २ ते ५ वर्षं. आंबट पदार्थ आतून धातूला हळूहळू खात असतात, म्हणून त्यांची मुदत कमी.

याबाबतीत एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १८६५ मध्ये ‘बर्ट्रंड’ नावाची आगबोट अमेरिकेतल्या मिसूरी नदीत बुडाली. १९६८ मध्ये गाळातून तिचा माल सापडला आणि १९७४ मध्ये त्यातले काही डबे तपासले गेले. शंभराहून जास्त वर्षांनी आतल्या अन्नात जंतूंची वाढ आढळली नाही. पण वास आणि रूप ताजं राहिलेलं नव्हतं, आणि अ आणि क जीवनसत्त्वं बरीच उतरली होती. सुरक्षितता आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून नीट कळतं. याचा अर्थ शंभर वर्षं डबे साठवा असा मुळीच नाही. जुना डबा आधी वापरा, नवा मागे ठेवा.

डब्याला पोचा आला असेल तर?

पोचा किती खोल आहे यापेक्षाही तो कुठे आहे हे महत्त्वाचं.

डब्याच्या वरच्या कडेवरून अंगठा फिरवून बघा. तिथे एक जाडसर, गुळगुळीत वळ लागतो. झाकणाची कड आणि डब्याच्या अंगाची कड एकमेकींत अडकवून, दुमडून, दाबून तो वळ तयार होतो. मध्ये रबरासारख्या पदार्थाचा बारीक थर असतो. पत्र्याच्या या घड्याच आतलं अन्न आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये उभ्या असतात. त्या वळावर पोचा असेल, तो कुठे उचकटल्यासारखा किंवा वाकडा लागत असेल, तर डबा घेऊ नका. उभ्या जोडावर पोचा असेल तरी तोच नियम. घड्यांत केसाएवढी फट पडली तरी जंतूंना ती पुरेशी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

डब्याच्या पोटावर, जोडापासून लांब, उथळ आणि गोलसर पोचा असेल तर सहसा काही बिघडत नाही. मात्र तो इतका खोल असेल की त्यात बोट बसतं, किंवा त्याला टोकदार धार आली असेल, तर पत्रा तिथे चिरलेला असू शकतो. तो डबाही बाद.

कडेतून किती गंभीर प्रकार घडू शकतो हे १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात दिसलं. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या डब्यातून तिथे चारशेहून अधिक लोकांना टायफॉइड झाला. अन्न तापवण्यात चूक नव्हती. तापवल्यानंतर डबे थंड करायला नदीचं शुद्ध न केलेलं पाणी वापरलं होतं. डबा थंड होताना आत पोकळी तयार होते आणि कडेत बारीकशी फट असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दुकानात त्या मांसाचे काप ज्या यंत्रावर केले, त्यावरून जंतू दुसऱ्या मांसातही गेले. म्हणूनच आज थंड करण्याच्या पाण्यात क्लोरीन असणं आणि कडेची नियमित तपासणी होणं कारखान्यात आवश्यक मानलं जातं.

डबा फुगला आहे, पण वास चांगला येतोय. खाऊ का?

नाही. चाखूनही बघू नका. उकळून, तळून, मसाला घालून वाचवायचा प्रयत्न नको, आणि शक्यतो तो उघडूच नका.

फुगण्याची कारणं वेगवेगळी असतात. कधी जंतू आत वाढून वायू तयार होतो. कधी आंबट पदार्थ आणि धातू यांच्या क्रियेतून हायड्रोजन जमतो. कधी डबा गोठून पत्रा ताणला जातो. यातलं कोणतं कारण आहे हे घरी बसून ठरवता येत नाही, आणि बोट्युलिनमच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही.

तपासायची रीत सोपी आहे. चांगल्या डब्याचं झाकण सपाट किंवा किंचित आत गेलेलं असतं, कारण आत हवेचा दाब कमी असतो. झाकणावर मधोमध बोटानं दाबा. ते ‘टक्’ करून आत जातं आणि बोट काढल्यावर परत वर येतं, किंवा एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं वर येतं, तर तो डबा बाद. कडेतून काही पाझरून वाळल्याचा डाग असेल, तरी तेच.

असा डबा दोन पिशव्यांत घट्ट बांधून, मुलं आणि जनावरं उचकटणार नाहीत अशा रीतीनं कचऱ्यात टाका आणि हात साबणानं धुवा. दुकानात दिसला तर दुकानदाराला दाखवा, कारण त्याच बॅचचे बाकीचे डबे त्याच फळीवर असतात.

काही ठिकाणी आंबवलेले मासे डब्यात भरतात, त्यांचा डबा फुगतोच. तो त्या पदार्थाचा स्वभाव आहे आणि लेबलवर तसं कळतं. बाकी कुठल्याही डब्याला ही सवलत देऊ नका.

बाहेरून गंज आला आहे.

कोरड्या फडक्यानं पुसून जात असेल तर चालेल. पुसूनही खड्डे राहत असतील किंवा गंज कडेवर चढला असेल तर नको.

डबे ठेवायचे कुठे?

कोरड्या, गार जागी. गॅसच्या वरचं कपाट, ओट्याखालची पाइपजवळची ओलसर जागा, उन्हात तापणारी गाडीची डिकी या तीन जागा टाळा. ओलीनं गंज येतो. उष्णतेचं कारण जरा खोलातलं आहे. कारखान्यातल्या तापमानालाही न मरणारे काही उष्णताप्रिय बीजाणू डब्यात असू शकतात. ते माणसाला आजारी पाडत नाहीत आणि खोलीच्या तापमानाला निपचित पडून असतात, पण डबा बराच काळ ४० अंशांच्या वर राहिला तर जागे होऊन अन्न आंबवतात. डबा फुगत नाही, उघडल्यावर फक्त आंबट वास येतो. अन्न फेकावं लागतं.

फ्रीझरमध्ये सीलबंद डबा ठेवू नका. आतलं पाणी गोठून प्रसरण पावतं आणि कडेवर ताण येतो. अन्न गोठवायचंच असेल तर आधी दुसऱ्या भांड्यात काढा.

‘फ्रीजमध्ये ठेवा’ असं छापलेले डबेही असतात. काही प्रकारचं हॅम, खेकड्याचं मांस, अँकोव्ही यांना पूर्ण निर्जंतुक होण्याइतकं तापवलेलं नसतं. डबा बघून हात आपोआप साध्या फळीकडे जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उघडताना काय काळजी घ्यायची?

झाकण आधी धुवून पुसा, कारण कापताना त्यावरची धूळ आत पडते. कटरचं चाकही दरवेळी साबणानं धुवा. त्याच्या दात्यांत जुनं अन्न अडकून राहतं आणि कटर न धुता खणात टाकायची सवय फार घरांत असते. कापलेलं झाकण परत आत ढकलून डब्यातच ठेवायची पद्धतही सोडा, बोटं कापतात ती तिथेच.

उघडताना ‘स्स’ असा हलका आवाज आला तर घाबरू नका, ती बाहेरची हवा आत जाते आहे. आतून पाणी किंवा फेस जोरात उडाला, तर मात्र ते अन्न टाकून द्यायचं. ओटा, कटर, फडकं सगळं नीट स्वच्छ करा.

उरलेलं अन्न डब्यातच फ्रीजमध्ये ठेवलं तर चालतं का?

लगेच विषबाधा होत नाही, पण सवय चांगली नाही. काही फळांचे, विशेषतः अननसाचे आणि पेअरचे डबे आतून रंगवलेले नसतात, तिथे कथील उघडंच असतं. ते मुद्दाम तसं ठेवतात, कारण कथील आत उरलेल्या थोड्याशा ऑक्सिजनबरोबर क्रिया करतं आणि फळ काळवंडत नाही. डबा बंद असेपर्यंत हे अगदी सावकाश चालतं. उघडल्यावर भरपूर हवा मिळाली की कथील झपाट्यानं अन्नात उतरू लागतं. चव धातूसारखी लागते, आणि प्रमाण फार वाढलं तर मळमळ, पोटात कळा, उलट्या होऊ शकतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात डबाबंद अन्नातल्या कथिलाची मर्यादा किलोला २५० मिलिग्रॅम आहे.

काचेच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात काढा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. कडधान्यं, भाज्या, मासे, मांस ३ ते ४ दिवसांत संपवा, फळं आणि टोमॅटो ५ ते ७ दिवसांत. मासे शक्यतो दुसऱ्याच दिवशी. ट्यूना, सार्डिन उघडे राहिले तर त्यात हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होऊ शकतं, आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

डब्याच्या आतला थर अपायकारक असतो असं ऐकलं. खरं काय?

हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच डब्यांना आतून इपॉक्सी लाखेचा थर असतो, नाहीतर धातू आणि अन्न थेट भिडतील. या लाखेत वर्षानुवर्षं बिस्फेनॉल ए म्हणजे बीपीए वापरलं गेलं आणि त्याचा अंश अन्नात उतरतो. तो शरीराच्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतो अशी शंका आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२३ मध्ये बीपीएची रोजची सहनमर्यादा आधीच्या तुलनेत २०,००० पटींनी खाली आणली आणि २०२४ च्या शेवटी युरोपीय संघानं अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घातली. उत्पादकांना बदलासाठी मुदत दिली आहे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन मात्र सध्याचं प्रमाण सुरक्षित मानत आलं आहे. तज्ज्ञांचं यावर एकमत नाही.

अनेक उत्पादक आता पॉलिस्टर किंवा अ‍ॅक्रिलिकचा थर वापरतात आणि लेबलवर तसं लिहितात. माझ्या मते, आठवड्यातून काही डबे वापरणाऱ्या मोठ्या माणसानं यावरून झोप उडवून घेऊ नये. गर्भवती आणि लहान मुलांसाठी पर्याय असेल तर काच किंवा बीपीएविरहित डबा निवडावा. शिशाचा प्रश्न याहून जुना आणि जास्त घातक होता. पूर्वी डब्याचा उभा जोड शिशाच्या डाकानं भरत. अमेरिकेत अशा डब्यांवर १९९५ मध्ये बंदी आली आणि आजचे बहुतेक जोड वेल्डिंगचे असतात.

आत काळे डाग दिसले. माशाच्या डब्यात तर काचेचे तुकडे निघाले!

काळे-जांभळट डाग मका, मटार, मासे अशा प्रथिनयुक्त पदार्थांच्या डब्यात दिसतात. तापवताना प्रथिनांतलं गंधक धातूशी जुळून ते तयार होतात. अपाय नाही.

काचेसारख्या खड्यांचं मात्र नीट तपासून घ्या. सामन, खेकडा, ट्यूना यांच्या डब्यात कधीकधी स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक बनतात. माशातलंच मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि अमोनिया एकत्र येऊन ते तयार होतात. खडा वाटीत घ्या, वर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओता आणि वाटी कोमट ठेवा. काही मिनिटांत खड्याच्या कडा बोथट होऊ लागतात आणि तो हळूहळू विरघळत जातो. स्ट्रुव्हाइट असेल तरच असं होईल, काच जशीच्या तशी राहते. काच असेल तर अन्न टाकून द्या, डबा आणि लेबल जपून ठेवा आणि उत्पादकाला कळवा.

डब्यातलं पाणी ओतून द्यायचं का?

पदार्थावर अवलंबून आहे. मिठाच्या पाण्यातली कडधान्यं आणि भाज्या चाळणीत ओतून नळाखाली धुतल्या तर सुमारे ३५ ते ४० टक्के सोडियम निघून जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रक्तदाब असलेल्यांनी हे धुणं टाळू नये, नाहीतर सरळ ‘मीठ न घातलेला’ डबा घ्यावा.

काबुली चण्याचं पाणी मात्र कामाचं असतं. ते घोटल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं फेसाळतं, आणि साधारण दोन मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या पांढऱ्याची जागा घेतं. टोमॅटोचा रस कधीच टाकू नका. तेलातला मासा निथळला तर त्यातलं थोडं ओमेगा-३ तेलाबरोबर जातं, म्हणून ते तेल कांदा परतायला वापरा. फळं साखरेच्या पाकाऐवजी त्यांच्या रसात भरलेली मिळाली तर ती घ्यावीत.

डबाबंद अन्नात पोषण उरतं का?

बरंच. प्रथिनं, तंतू, लोह, कॅल्शियम यांना उष्णतेनं फारसा धक्का लागत नाही. मऊ झालेल्या हाडांसकट खाल्लेला सामन किंवा सार्डिन तर कॅल्शियमचा उत्तम स्रोत आहे. क आणि बी१ जीवनसत्त्वं मात्र तापवताना कमी होतात, आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं. टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर शरीराला जास्त सहज मिळतं. दोन दिवस फ्रीजमध्ये सुकत पडलेल्या भाजीपेक्षा हंगामात काढून त्याच दिवशी डबाबंद केलेली भाजी कमी प्रतीची असतेच असं नाही.

न शिजवता थेट खाल्लं तर?

चालतं, अन्न आधीच शिजलेलं असतं. राजम्याच्या बाबतीत तर डबाच सोयीचा: कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य असतं, ते भिजवून भरपूर उकळल्याशिवाय जात नाही. डब्यातल्या राजम्यात ही चिंता नाही.

रोजच्या स्वयंपाकात कोणते डबे ठेवावेत?

माझ्या मते टोमॅटो, एखादं कडधान्य, मासे खाणाऱ्यांसाठी सार्डिन किंवा ट्यूना, आणि नारळाचं दूध. एवढ्यावर घाईच्या दिवशी पूर्ण जेवण होतं.

टोमॅटो कापलेल्यांपेक्षा अख्खे घ्या आणि हातानं कुस्करा, ते रस्स्यात छान विरघळतात. कापलेल्या फोडींना कॅल्शियम क्लोराइडनं कडकपणा आलेला असतो, त्या कितीही शिजवल्या तरी आकार सोडत नाहीत. सॅलडला किंवा फोडी दिसायला हव्यात अशा पदार्थाला त्या बऱ्या. डब्याचा टोमॅटो नुसता उकळू नका, तेलात परता. तेल सुटेपर्यंत परतला की डब्याची म्हणून जी चव वाटते ती जाते.

कडधान्यं आधीच मऊ असतात, म्हणून ती शेवटी घाला, नाहीतर पिठलं होतं. धुतलेले काबुली चणे फडक्यानं अगदी कोरडे करून तेलात परतले तर बाहेरून कुरकुरीत होतात. ओले टाकले तर नुसते उडतात. मका कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून बघा.

नारळाचं दूध उघडल्यावर वर घट्ट साय आणि खाली पाणी दिसलं तर ते नासलेलं नाही. ढवळा, किंवा वरच्या सायीवर मसाला परता आणि पाणी मागाहून घाला.

अननसाबद्दल एक खास गोष्ट. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. त्यामुळे जिलेटिनची जेली सेट होत नाही, आणि दूध-दह्यात ताजा अननस घातला तर थोड्या वेळानं कडवटपणा येतो. डब्यातला अननस तापवलेला असल्यानं विकर निकामी झालेलं असतं. जेली घट्ट बसते, दही कडू होत नाही. इथे मी ताज्या फळापेक्षा डबाच घ्या असं सांगेन.

डबा तसाच गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू का?

नाही. बंद डब्यात वाफ कोंडून तो फुटू शकतो आणि उकळतं अन्न अंगावर येतं. उघडा डबा विस्तवावर ठेवला तर आतली लाख जळते. मायक्रोवेव्हमध्ये धातू ठेवायचाच नसतो. कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा पाण्यात उकळून कॅरॅमल करायची पद्धत लोकप्रिय आहे, पण पाणी आटलं की तो डबाही फुटू शकतो. दूध पातेल्यात काढून मंद आचेवर ढवळत आटवा.

गर्भवती आणि लहान मुलांना द्यावं का?

द्यायला हरकत नाही, फक्त निवडून. ट्यूनात पारा असतो आणि मोठ्या जातींत तो जास्त असतो. गर्भवतींनी पांढऱ्या अल्बाकोरऐवजी स्किपजॅक घ्यावा, सार्डिन आणि सामन त्याहून बरे. एक वर्षाखालच्या बाळांना खारवलेलं डबाबंद अन्न नको. कंडेन्स्ड मिल्क हे बाळाच्या दुधाला पर्याय नाही, त्यात जवळपास निम्मी साखरच असते.

घरी डबे किंवा बरण्या हवाबंद करता येतील का?

आंबट फळं, जॅम यांना खात्रीची, तपासलेली कृती वापरून करता येतं. भाज्या, कडधान्यं, मांस यांच्या वाटेला त्यासाठी बनवलेलं दाबाचं खास उपकरण असल्याशिवाय जाऊ नका. नेहमीचा प्रेशर कुकर त्या कामासाठी तपासलेला नसतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात चर्चच्या सहभोजनात २९ जण बोट्युलिझमनं, म्हणजे बोट्युलिनमच्या विषबाधेनं, आजारी पडले आणि एक व्यक्ती दगावली. घरी हवाबंद केलेले बटाटे नुसत्या उकळत्या पाण्यात तापवले होते आणि त्यांचं सॅलड केलं होतं. मनापासून रांधून आणलेल्या पदार्थातून हे घडलं, म्हणून हा इशारा मी सौम्य करणार नाही.

पुराच्या पाण्यात भिजलेले डबे?

पोचा, गंज, गळती नसलेले धातूचे डबे वाचवता येतात. लेबल काढा, साबणानं घासा, मग ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं क्लोरीन ब्लीच घालून त्यात १५ मिनिटं बुडवून ठेवा. सुकल्यावर मार्करनं नाव आणि तारीख लिहा. आगीत तापलेले डबे मात्र वरून चांगले दिसले तरी टाकून द्या.

रिकाम्या डब्याचं काय?

धुवा, झाकण आत टाकून तोंड चेपा, भंगारात द्या. चुंबक चिकटला तर पोलाद, नाही तर अ‍ॅल्युमिनियम. दोन्ही पुन्हा वितळवून वापरता येतात, आणि नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत जुनं वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

संशयास्पद डब्यातलं खाल्लं गेलं. आता?

साध्या विषबाधेत उलट्या, जुलाब होतात. बोट्युलिझमची खूण वेगळी आहे: एकाची दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, जीभ अडखळणं, गिळायला त्रास, हातापायांतली ताकद जाणं. ताप सहसा नसतो आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्यामुळे ‘थकवा असेल’ म्हणून दुर्लक्ष होतं. बहुधा १२ ते ३६ तासांत सुरुवात होते, पण काही तासांपासून आठ दिवसांपर्यंत कधीही होऊ शकते. पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. यावर अँटिटॉक्सिन (विष निष्प्रभ करणारं औषध) मिळतं आणि ते जितकं लवकर दिलं जाईल तितकं बरं, म्हणून सकाळची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा. काय आणि कधी खाल्लं ते पहिल्याच वाक्यात सांगा. उरलेलं अन्न आणि डबा पिशवीत बांधून सोबत न्या, आणि तेच अन्न ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना फोन करा.